वाव

लिस्बन स्ट्रीटवर माझं दुकान अजून आहे.
दोन्ही अंगांना आता सोमाली पाट्या.
तळणाचा वास माझ्या डिंकाच्या वासात मिसळतो
आणि दुपारी तीनला मी उठून शेजारी जातोच.

चार-दोन वर्षांतून कुणीतरी वही घेऊन येतं,
विचारतं, हा लोफर मरत कसा नाही?
टोकदार आले, चौकोनी आले,
टाचेत दिवे लागणारेही येऊन गेले,
आणि हा आपला तसाच,
जेवण झाल्यावर पट्टा सैल केलेल्या माणसासारखा.
मी सांगतो, त्याला नाडी नाही.
जो बांधून ठेवत नाही, त्याला लोक सोडत नाहीत.
हे वाक्य माझं पाठ आहे.
वहीवाला खूश होतो, लिहून घेतो, दार लोटून जातो.

खरं उत्तर लांब आहे.
गिरणीचा चौथा मजला,
नदीकडच्या काचा, जानेवारीत आतूनच बर्फ धरलेल्या.
कातडं रात्रभर भिजलेलं, साच्यावर ताणलेलं.
एक आरी, मेणवलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया.
एकाच भोकातून त्या समोरासमोर निघायच्या,
अबोला धरलेल्या शेजारणी जिन्यात भेटाव्यात तशा,
आणि मग दोन्ही हात पसरून ओढायचं.
हातभर नाही, वावभर.
प्रत्येक टाक्याला एक वाव.
दिवसभर चाळीस माणसं हात पसरतात, मिटतात,
आणि मिठीत कुणीच नसतं.

लोरेट डावखुरी.
तिचं कोपर शेजाऱ्याला लागायचं.
शेजारी मी.
तीन आठवडे बरगडीवर निळा डाग, मग साखरपुडा.

चवड्यापाशी कातडं जास्त नि जागा कमी.
ते कापायचं नसतं, जिरवायचं असतं, चुणीचुणीनं,
नाताळात मांसाच्या पायला आई कडेनं घालायची
तशी मुरड.
आमच्या चुण्या एका अंगाला कलायच्या,
तिच्या दुसऱ्या.
फोरमन पेल्टिए करवादायचा, "जोड उलटा दिसतो, ऑरेल, सांग तिला!"
मी काय सांगणार?
गिऱ्हाइकांना तर कधी कळलंच नाही.

पुढे काम समुद्रापलीकडे गेलं.
लोरेटही गेली. ती वेगळी गोष्ट आहे.

परवा हिबाक आली,
वृद्धाश्रमातली रात्रपाळी उतरून, डोळे लाल.
चर्चच्या तळघरातल्या सेलमधून चार डॉलरला घेतलेला जोड,
तपकिरी, टाचा एकीकडून खाल्लेल्या.
"मशिदीच्या दाराशी झटकन निघतात," म्हणाली,
"आणि रात्री म्हाताऱ्यांना जागं करत नाहीत."
पट्टीच्या खाचेत, जिथं आम्ही पोरं असताना एक सेंट खोचायचो,
तिथं बसच्या तिकिटाची बारीक घडी.
"टाचा बदला. ही वरची शिवण पण नवी करायची का?
जुनी आहे फार."

मी दिव्याखाली धरला.
चुण्या दुसऱ्या अंगाला कलत होत्या.
मोजल्या.
मग दुसऱ्या पायातल्या मोजल्या.

"शिवणीला काही झालेलं नाही," म्हणालो.
आवाज चिरकला असावा,
कारण तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली
आणि मी ती घेतली.

टाचांचे बारा डॉलर झाले. बाराच घेतले.
कमी घेतले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

ती गेली. नवं रबर,
फरसबंदीवर पाऊल वाजत नाही,
कुठवर पोचली, मला ऐकू आलं नाही.

मग दुकानात कुणी नाही असं बघून
मी दोन्ही हात पसरले, पूर्वीसारखे, पूर्ण.
जागा अरुंद.
डावीकडचे पॉलिशचे डबे धडाधड खाली आले,
एक गडगडत पार दारापर्यंत गेला.